तिसऱ्यांदा तुटलेली तार

११ सप्टेंबर २०२५, गुरुवार

परत तुटली!

दूध-भात खाताना. चिक्की नाही, ऊस नाही, पेरू नाही — दूध-भात! जिभेला काहीतरी टोचलं म्हणून आरशात पाहिलं, तर उजवीकडे जिथे तारेला वेटोळं दिलेलं असतं, तिथे सरळ दोन तुकडे. जुलैतही याच जागी तुटली होती.

गुरुवार म्हणजे कंपनीला सुट्टी, त्यामुळे निदान रजा तरी गेली नाही. ताथवड्याच्या दंत महाविद्यालयात गेले. केसपेपर, रांग, बाकडं — अकरापासून दीडपर्यंत. मग अपेक्षा डॉक्टर आल्या. शिकतायत अजून, शेवटचं वर्ष आहे. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण रागावतात अशा की जणू मी त्यांच्याकडे शिकवणीला येते.

"ताई, काय खाल्लंत?"

"दूध-भात."

"खरं सांगा."

खरंच सांगत होते! पुढे बोलणार तर तोंडात आरसा आणि चिमटा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, इथे तोंड उघडून बुक्क्यांचा मार. नवी तार बसवली. "आणखी एकदा तुटली तर विभागप्रमुख सर फाइल बंद करतात, ताई. तीनदा म्हणजे बास, विभागाचा नियमच आहे." एवढं ऐकवून फाइलवर इंग्रजीत काहीतरी लिहिलं. अठरा वर्षं ड्रॉइंग वाचतेय मी, उलटं काय आणि सुलटं काय, समोरून वाचलं. 'रुग्ण सूचना पाळत नाही.'

मी! मी सूचना पाळत नाही!


१२ सप्टेंबर

डोकं अजून तापलेलंच आहे.

चाकणला स्प्रिंगच्या कंपनीत मी तपासणीला. एकेक स्प्रिंग दाबायची, मोजायची, शंका आली की लाल पेटीत. अठरा वर्षांत माझ्या सहीचा एक खोका परत आलेला नाही. कामावरची माणसं म्हणतात, नीलाताईंच्या नजरेतून सुटलं म्हणजे ते देवाच्याच हातचं. आणि ही कालची मुलगी मला सूचना शिकवते.

दात लहानपणापासून पुढे. शाळेत फावडी म्हणायचे. लग्नाच्या फोटोत तोंड असं घट्ट मिटलंय, जणू कुणाच्या मातीला आलेय. हसायला आलं की हात आपोआप तोंडावर जातो, विचार करावा लागत नाही. अडतिसावं लागलं तेव्हा म्हटलं, आता बास. सासूबाई म्हणाल्या, "आता ह्या वयात दात सरळ करून कुणाला दावायचं हाय गं?" कुणाला नाही. मला हात खाली ठेवून हसायचंय, एवढंच.

त्यासाठी चार चांगले धडधाकट दात काढलेत. पुढचे मागे सरकायला जागा हवी म्हणून. ती फट आता ही तार जरा जरा ओढून मिटवते. निम्मी मिटलीय. मध्येच फाइल बंद झाली तर सगळं काढून टाकणार, म्हणजे दात पुढेही आणि मधे चार खिंडारंही. होते त्याहून वाईट. 


१५ सप्टेंबर

मी काय काय पाळते ते लिहूनच ठेवते, पुढेमागे तोंडावर फेकायला कामाला येईल.

भाकरी दुधात कुस्करून. शेंगदाणे बंद, सुपारी बंद, भेळ बंद. सफरचंद किसून खाते, लहान बाळासारखी. प्रत्येक खाण्यानंतर ब्रश. कंपनीच्या बेसिनपाशी उभी राहते तेव्हा बाया हसतात. आणि जूनपासून माउथवॉश. दातांवर पांढरे डाग दिसायला लागले म्हणून अपेक्षा डॉक्टरांनी फ्लोराइडचा लिहून दिला. तोही एक दिवस चुकवलेला नाही! सकाळी कंपनीच्या बसमध्ये, नाशिक फाट्याला तोंडात घ्यायचा आणि भोसरीचा पूल उतरला की रिकाम्या बाटलीत थुंकायचा. तेवढा वेळ डिस्पॅचच्या विक्कीच्या बडबडीला उत्तर द्यावं लागत नाही, हा वरचा फायदा. संध्याकाळी भांडी घासताना दुसऱ्यांदा.

यापेक्षा शिस्तीची पेशंट असेल तर दाखवा मला.


२५ सप्टेंबर

तार शाबूत. रोज सकाळी आधी जीभ फिरवून बघते, मग डोळे उघडते.


१ ऑक्टोबर

खंडेनवमी. कंपनीत यंत्रांची पूजा. माझ्या दाब-यंत्राला झेंडूची माळ मीच घातली. पेढा मिळाला — डाव्या बाजूने, जिभेवर विरघळवून खाल्ला. मनातल्या मनात म्हटलं, आमच्याही तारेकडे जरा बघा.


१६ ऑक्टोबर, गुरुवार

जांभई देताना!

जांभई दिली आणि 'टक' असा आवाज झाला. माझाच मला ऐकू आला. आरशात बघायची हिंमत होईना.

कॉलेजमध्ये अपेक्षा डॉक्टरांनी या वेळी 'काय खाल्लं'सुद्धा विचारलं नाही. तेच जास्त लागलं. माझी फाइल उचलली आणि सरांच्या केबिनमध्ये गेल्या. पाऊण तास! मी खुर्चीवर आडवी, तोंडावर दिवा, शेजारच्या ट्रेमध्ये तुटका तुकडा. बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता, फाइल हातात नव्हती.

"बंद केली का हो फाइल?" मी विचारलं.

"तुम्ही तोंड उघडा."

उघडलं. त्यांनी नवी तार वाकवली, वेटोळी घातली, बसवली. हात नेहमीपेक्षा सावकाश चालले होते. मग म्हणाल्या, "यापुढे दर पंधरा दिवसांनी या. गुरुवारी, चारनंतर. केसपेपर काढू नका, सरळ वर या."

म्हणजे बचावले. पण चारनंतर! आठवड्याची एकुलती एक सुट्टी, ती आता अशी मधोमध चिरली जाणार. त्यांना काय, त्यांना सगळे वार सारखे.

"तुकडा मला द्या," मी म्हटलं.

"कशाला?"

"ठेवते."

घरी येऊन प्लास्टिकच्या पुडीत घातला. वर तारीख, जागा, कारण. कारणापुढे प्रश्नचिन्ह. नाकारलेला माल आम्ही असाच बांधतो.


२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. घरभर कुरुमकुरुम. सासूबाई चकलीचं ताट घेऊन मागे लागल्या, "चकली दाताला काय करती? च्यात बुडवून खा की." बुडवून खाल्ली. चहाही गेला आणि चकलीही. अख्खं घर कडाकडा चावतंय आणि मी लापशी खातेय, आणि फाइलवर काय, तर मी सूचना पाळत नाही! एक अख्खा लाडू भिंतीवर फेकावा असं वाटलं. फेकला नाही. भिंत नुकतीच रंगवलीय.


२७ ऑक्टोबर

आज जेवणाच्या सुट्टीत पुडी उघडून तुकडा भिंगाखाली धरला. आधीच का नाही सुचलं!

स्प्रिंग जादा दाबाने गेली तर आधी ताणते, वाकते, मग तुटते. तुटल्या जागी ती बारीक झालेली दिसते. ही तशी नाहीच. वाकलेली नाही, ताणलेली नाही. काचेची काडी मोडावी तशी मोडलीय. चांगली तार अशी मोडतच नाही.

तडक नूरमोहम्मद चाचांकडे गेले. आमच्या धातू प्रयोगशाळेत तीस वर्षं आहेत, मार्चमध्ये रिटायर. माणूस चाकणचाच. तुकडा हातात घेऊन म्हणाले, "ही कंच्या गाडीची, बेटा?"

"माझ्या तोंडातली."

इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग सूक्ष्मदर्शकाखाली लावला आणि हसणं थांबलं. मला म्हणाले, बघ. तारेचा पृष्ठभाग सगळा खड्ड्यांचा. पावसाळ्यानंतरचा तळेगाव रस्ता.

"हे चावून तुटलेलं न्हाई. हे आधी खाल्लं गेलंय, मग तुटलंय."

"मी काही खाल्लं नाही हो चाचा!"

"तू न्हाई गं. ह्या तारेला कशानं तरी खाल्लंय."

चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला. भरून आलं. प्रयोगशाळेत रडणं बरं दिसत नाही म्हणून बाहेर जाऊन पाणी प्यायले.


३० ऑक्टोबर, गुरुवार

चारला वर गेले. मोठ्या हॉलमधली नेहमीची खुर्ची नाही, कोपऱ्यातल्या खोलीतली जुनी. तिची पाठ वर जाते पण खाली येत नाही. हे खड्ड्यांचं सांगायला लागले तर म्हणाल्या, "ताई, जरा हळू बोला." मी मोठ्याने बोलतच नव्हते! त्यांचं अर्धं लक्ष दाराकडे. घाई, नुसती घाई. तार शाबूत, फट तीन मिलिमीटर उरली, चला, पुढच्या पंधरवड्याला.

त्यांना माझी तार का तुटते यात काडीचा रस नाही. मेमध्ये परीक्षा आहे, तिला दाखवायला एक पूर्ण झालेलं तोंड हवंय, बाकी काही नाही.


३ नोव्हेंबर

सापडलं!!

चाचांनी सांगितलं होतं, तोंडात जे जे जातं ते सगळं आण. मी डब्यातून ताक, आमसुलाचं सार, चहा, टूथपेस्ट आणि माउथवॉश घेऊन गेले. गेटवरच्या सिक्युरिटीला वाटलं, कुणाचं डोहाळजेवण आहे. मुलामा देतात त्या प्लेटिंग विभागातल्या, आंबटपणा तपासायच्या कागदी पट्ट्या एकेकात बुडवल्या. ताक आंबट, सार आंबट, आणि माउथवॉशही चांगलाच आंबट!

"नुसतं आंबट काय करत न्हाई," चाचा म्हणाले. "टायटॅनियमची तार हाय ही. तिला तिची स्वतःची कातडी असती. ती हाय तवर गंज तिला शिवत न्हाई. ह्या बाटलीत आणि काय हाय?" चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली. फ्लोराइड. बाटली टेबलावर ठेवून कपाळाला हात लावला. "आंबट आणि फ्लोराइड! ह्या दोघांची जोडी जमली की टायटॅनियमची कातडीच सोलून काढतात. मग आत हायड्रोजन शिरतो, आणि तार आतनं ठिसूळ. बाहेरनं कळत बी न्हाई."

हा रोग तर आम्हाला पाठ आहे! स्प्रिंगा आम्लातून काढल्या की लगेच भट्टीत भाजायच्या, नाहीतर शिरलेला हायड्रोजन त्यांना बसल्याजागी मोडतो. कंपनीत पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. मी रोज त्या भट्टीच्या नोंदी तपासते आणि माझ्याच तोंडात...

म्हणजे दूध-भात निर्दोष. जांभई निर्दोष. मी निर्दोष! माउथवॉश दिला कुणी? डॉक्टरांनी! आणि शेरा कुणावर? माझ्यावर! चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.


४ नोव्हेंबर

माउथवॉश कालपासून बंद. आज नाशिक फाट्यानंतर विक्कीने विचारलं, "ताई, उद्या सेकंड शिफ्टला हायस का तू?" मी म्हटलं, "नाही, फर्स्टलाच." तो दचकलाच. "आयला, बोलती व्हय तू! मला वाटलं सकाळचं मौन असतं तुझं."

पुलापर्यंत त्याने गावच्या बैलाची गोष्ट सांगितली. बरी होती.


५ नोव्हेंबर

नुसतं म्हणून चालत नाही, दाखवावं लागतं. कॉलेजच्या फाटकासमोर दातांच्या सामानाचं दुकान आहे, तिथून शाहरुखकरवी तसलीच तार मागवली. तो आमच्या प्लेटिंगमध्ये, राहायला ताथवड्यात. तारेचे सारखे तुकडे केले. पाच पाण्यात, पाच माउथवॉशमध्ये.

चाचांनी घड्याळ काढलं. "किती वेळ बुडवायचं? तू रोज किती वेळ धरतीस तोंडात?"

"नाशिक फाटा ते भोसरी पूल."

"मिनिटं सांग."

सांगता येईना. मग म्हणाले, "बाटलीवर किती लिहिलंय?"

एक मिनिट. बाटलीवर एक मिनिट. डॉक्टरही तेव्हा एक मिनिटच म्हणाल्या होत्या, आता आठवलं. मी कशी विसरले? विसरले नाही. एका मिनिटात काय बसतंय, असं मला वाटलं. आमच्याकडे फॉस्फेटच्या टाकीत जितका वेळ द्यावा तितका थर चांगला बसतो. मला वाटलं फ्लोराइडचंही तसंच, दातावर थर बसत असेल, आपण जरा जास्त वेळ देऊ.

चाचांनी बाटली खाली ठेवली आणि पाच तुकड्यांचा तिसरा गठ्ठा करायला सांगितला, माउथवॉशसाठीच. एक बाटलीच्या हिशेबाने, एक माझ्या.


६ नोव्हेंबर

गुरुवार असूनही ओव्हरटाइमला गेले. बसमध्ये घड्याळ लावून बघितलं. नाशिक फाटा ते भोसरी पूल, सुट्टीच्या दिवशी, रस्ता मोकळा — दहा मिनिटं. रोजच्या गर्दीत पंधराच्या खाली नसणार. दिवसातून दोनदा. पाच महिने.


१० नोव्हेंबर

निकाल लागला.

पाण्यातल्या तारा ठणठणीत. एका मिनिटाच्या हिशेबाने माउथवॉशमध्ये ठेवलेल्या जरा खरखरीत झाल्या, पण वाकवून वाकवून हात दुखले तरी मोडल्या नाहीत. माझ्या हिशेबाच्या? पहिली दुसऱ्याच वाकाला गेली. टक! तोच आवाज. पाचच्या पाच गेल्या.

"अति तिथं माती," चाचा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता टेबल आवरायला लागले. मोठा सभ्य माणूस.

दिवसभर स्वतःवरच चिडलेली होते. तपासणीला बसले तर स्प्रिंगवर डोळा ठरेना. 'रुग्ण सूचना पाळत नाही.' खरंच लिहिलं होतं त्या मुलीने! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला फर्लांगावरून दिसतं, आणि माझं मुसळ मी रोज नाशिक फाट्याला तोंडात घेत होते.


११ नोव्हेंबर

पण थांबा. एका मिनिटानेही तार खरखरीत होतेच की! टायटॅनियमची तार आणि आंबट फ्लोराइड, ही जोडी त्यांनी का लावून दिली? साधा, आंबट नसलेला माउथवॉश देता आला असता. आणि दोन-दोन वेळा 'काय खाल्लं' विचारलं, 'माउथवॉश किती वेळ धरता' एकदाही नाही. आमच्याकडे माल परत आला तर पाच वेळा 'का' विचारतात. यांनी एकदाच विचारलं आणि उत्तरही स्वतःच लिहून मोकळ्या झाल्या.

निम्मी चूक माझी, निम्मी त्यांची. मला निम्मी कबूल आहे. पूर्ण नाही!

अहवाल लिहायला घेतला. तीन पानं. फोटो, पट्ट्यांचे रंग, कितव्या वाकाला मोडली ते, सगळं. शेवटच्या 'का'पुढे माझी दहा-पंधरा मिनिटंही लिहिली. दोनदा खोडली, पण लिहिली.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

अपेक्षा डॉक्टरांना अहवाल दिला. उभ्याउभ्याच तिन्ही पानं वाचली. नाशिक फाट्याशी येऊन हसल्या, खुदकन. मग एकदम गंभीर झाल्या.

"ताई, हे फार चांगलं काम केलंत. मला हे सुचायला हवं होतं. माउथवॉश बंदच ठेवा, मी दुसरा देते."

तोंडातली तार भिंगाने नीट बघितली. माउथवॉश सुटून दहा दिवस झालेत, पण आधीच्या पंधरवड्यात तार खाल्ली गेलीच असणार म्हणून बदलूनच टाकली. फट दोन मिलिमीटर. "डिसेंबरअखेर मिटवू. काहीही करून." मी खूश. म्हटलं, "मग आता फाइलवरचा तो शेरा खोडा."

"फाइल..." त्या अडखळल्या. "आत्ता नाही जमणार."

"का?"

"नंतर सांगते. आणि ताई, हे कागद सध्या कुणालाही दाखवू नका. सरांना तर नकोच. प्लीज."

असं आहे तर! माझी चूक लाल शाईत फाइलवर, आणि यांची चूक पिशवीत घडी घालून ठेवायची. मला वाटलं होतं त्या माफी मागतील. नुसतं 'चुकलं ताई' म्हणाल्या असत्या तरी मी कागद तिथेच फाडले असते.


१६ नोव्हेंबर

नवनाथना सगळं सांगितलं. त्यांचं एकच, "तार टिकतीये, फट मिटतीये. कशाला नसती उठाठेव? दीड महिना गप राहा." नवरे असंच बोलतात. यांनी आयुष्यात एक तक्रार केली नाही, सोसायटीच्या लिफ्टचीसुद्धा नाही.

पण मला गप बसवत नाही. त्या विभागात माझ्यासारखे कितीतरी तारा लावलेले लोक बाकड्यावर बसतात. त्यांनाही हीच बाटली मिळत असेल. त्यांच्याही तारा तुटत असतील आणि त्यांनाही 'खरं सांगा' म्हणत असतील. दोष सापडला की वर कळवायचा, दाबायचा नाही — अठरा वर्षं हेच केलंय.

आणि इथे खोटं कशाला लिहू? मला तो शेरा खोडून हवाय. कुणीतरी मोठ्या माणसाने, सहीनिशी.


१८ नोव्हेंबर

चाचांना विचारलं. म्हणाले, "रिपोर्ट बरोबर हाय. पण बेटा, रिपोर्ट द्यायच्या आधी समोरच्याला एकदा विचारावं, का दडवतोयस म्हणून."

विचारलं की. 'नंतर सांगते' म्हणाल्या. नंतर म्हणजे कधी?


२० नोव्हेंबर, गुरुवार

दिला!

आज अपेक्षा डॉक्टरांकडे जायचा गुरुवार नव्हता, तरी बाराला कॉलेजात गेले. सर ऑपरेशनला होते. त्यांच्या कार्यालयातल्या बाईंकडे अहवाल आणि वर माझा अर्ज दिला: 'माझ्या फाइलवरील शेरा काढून टाकावा व संबंधितांना समज द्यावी.' 'समज द्यावी' आधी लिहिलं नव्हतं. तिथे टेबलावर पेन होतं, उभ्याउभ्या लिहिलं. फाइल नंबर, फोन नंबर. बाईंनी पोच दिली, शिक्का मारून.

उतरताना छाती हलकी वाटली. फाटकाबाहेर केळं घेतलं आणि रस्त्यात उभं राहून खाल्लं. एका बाईने काहीतरी गमतीचं म्हटलं तर मी हसले. हात वर गेला, पण अर्ध्यातच थांबला!


२४ नोव्हेंबर

कॉलेजातून फोन. "सरांना तुमचा अहवाल फार आवडलाय. गुरुवारी अकराला या, फाइल काढून ठेवतोय." दोनदा विचारून घेतलं — आवडलाय? आवडलाय.

सासूबाईंना सांगितलं. "व्हय? मग आता तरी दात दाव," म्हणाल्या. दाखवले. चष्मा लावून बघितले. "बरं दिसतंय की गं."


२७ नोव्हेंबर, गुरुवार

सरांसमोर दोन गोष्टी होत्या. माझा अहवाल आणि माझी फाइल. फाइलवर आडवा शिक्का — उपचार बंद. खाली तारीख, १६ ऑक्टोबर.

तिसऱ्यांदा तुटली तोच दिवस. म्हणजे त्यानंतरची प्रत्येक तार अपेक्षा डॉक्टरांनी मला परवानगीशिवाय बसवलेली. त्यांच्या परीक्षेच्या यादीत माझं तोंड तेव्हापासून नाहीच.

पण हे मी नंतर जुळवलं, जिन्यात उतरताना. आत असताना सर अहवालावर हात ठेवून शांतपणे म्हणाले होते, "उत्तम काम आहे, बाई. फक्त एक सांगा, फाइल बंद असताना तुमच्या तोंडात ही तार बसवली कुणी?"

आणि मी सांगितलं. चटकन. आडनावासकट.